झुडूप मरते, गवत परततेच असे नाही

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीजवळच्या ओसाड माळांवर, काही विशिष्ट हंगामांत छोटी विमाने कमी उंचीवरून, सरळ रेषेत ये-जा करतात. त्यांच्यातून चिकणमातीच्या बारीक गोळ्या खाली पडत असतात. या गोळ्यांत टेबुथायुरॉन नावाचे तणनाशक असते. जमिनीवर पडल्यावर लगेच काहीच घडत नाही. पाऊस येईपर्यंत, कधी कधी कित्येक महिने, त्या तशाच पडून राहतात. पाऊस झाला की औषध विरघळून मातीत उतरते, झुडपाची मुळे ते पाण्याबरोबर ओढून घेतात आणि पानांतील प्रकाशसंश्लेषण बंद पडते. पाने पिवळी पडून गळतात. झुडूप मुळा-खोडांत साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढते. मातीत औषध शिल्लकच असते, त्यामुळे तीही गळते. हे फुटणे आणि गळणे दोन-तीन वर्षे चालू राहते. साठा संपला की झुडूप मरते.

एवढ्या चिवट झाडाला एवढ्या चिकाटीने मारायचे ते गवतासाठी. गेल्या दीडशे वर्षांत जगातील अनेक कोरड्या चराऊ रानांत झुडपांनी गवताला मागे रेटले आहे. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना अशा एकमेकांपासून दूर असलेल्या प्रदेशांत हीच गोष्ट घडली. झुडूप काढले की गवत परत येईल, गुरांना चारा मिळेल आणि माळावरचे पशुपक्षीही परततील, असा त्यावरचा सरळ हिशेब होता. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना येथील संशोधन-कुरणांत हा हिशेब कित्येक दशके तपासला गेला आहे. त्यातून निघालेले उत्तर हिशेबापेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे, आणि त्यात एका उंदराला फार मोठे स्थान आहे.

गवत गेले कसे?

हा प्रदेश चिवावा वाळवंटाचा. त्याचा मोठा भाग मेक्सिकोत असून उत्तरेकडची टोके अमेरिकेत शिरली आहेत. न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस शहराच्या उत्तरेला होर्नाडा हे संशोधन-कुरण आहे. त्याची स्थापना १९१२ मध्ये झाली, क्षेत्र सुमारे ७८,००० हेक्टर, आणि आज ते अमेरिकेच्या कृषी खात्याकडे आहे. येथे वर्षाला सरासरी २४५ मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या निम्माही नाही. त्यातला अर्ध्याहून अधिक जुलै ते सप्टेंबर या काळात येतो. 

१८५८ मध्ये सरकारी मोजणीदार या भागाचे भूमापन करत फिरले. कोणत्या ठिकाणी गवत कसे आहे, कोणते झुडूप आहे, हे त्यांनी आपल्या वह्यांत टिपून ठेवले. पुढे बफिंग्टन आणि हर्बेल या दोन संशोधकांनी त्या नोंदी नंतरच्या पाहण्यांशी ताडून पाहिल्या आणि १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. १८५८ मध्ये निम्म्याहून अधिक जमिनीवर झुडूप नव्हते. १९६३ मध्ये झुडूप नसलेला तुकडाच उरला नव्हता. सुमारे शंभर वर्षांत एका प्रदेशाचा चेहरा पालटला होता, आणि त्याचा लेखी पुरावा हाती होता.

या बदलाला एकच कारण नाही. १८८१ मध्ये लास क्रूसेसला रेल्वे पोहोचली आणि गुरांचा व्यापार वाढला. माळाला पेलवणार नाहीत इतकी गुरे चरू लागली. पाठोपाठ १८९० च्या दशकात दुष्काळ पडला, नंतर १९५० च्या दशकात त्याहून कडक दुष्काळ आला. येथले मुख्य गवत ब्लॅक ग्रामा. ते बियांपेक्षा धावत्या खोडांनी पसरते, आपल्या हरळीसारखे. मात्र त्याची धावती खोडे एका वर्षी निघतात आणि बहुधा पुढच्या वर्षी मूळ धरतात. लागोपाठ दोन चांगले पावसाळे मिळाले तरच गवताचा ठोंब पुढे सरकतो. अशा गवताला जनावराने दाढेखाली घातले आणि पावसानेही दगा दिला, तर झालेली हानी भरून काढायला त्याला फारच थोड्या संधी मिळतात.

झुडपांना मात्र नवे वाहक मिळाले. मेस्कीट या काटेरी झुडपाच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात. कठीण कवचाच्या बिया पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि शेणाच्या ओल्या खतात रुजतात. जिथे गुरे गेली तिथे मेस्कीट गेले. गवत विरळ झाल्यामुळे माळावर वणवा पसरेनासा झाला, त्यामुळे कोवळी झुडपे जळून जाण्याचा धोकाही संपला. त्यातच विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील प्राण्यांना विष घालून मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले, कारण ते गुरांचा चारा खातात असा समज होता. टेक्सासमध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की हेच प्राणी मेस्कीटच्या बिया आणि रोपे कुरतडून झुडपाला आवर घालत होते. चारा वाचवण्यासाठी घातलेल्या विषाने चाऱ्याचा राखणदारच मारला होता. त्यानंतर झुडूप वाढले आणि त्यावर दुसरे विष शोधावे लागले.

बेटांची जमीन

झुडूप वाढते तसे मातीचे रूपही बदलते, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे. गवताळ माळावर पाणी, नत्र आणि सेंद्रिय द्रव्य बऱ्यापैकी सारखे पसरलेले असते. झुडपे आली की गळलेली पाने त्यांच्याच बुंध्याशी साचतात, वाऱ्याने उडालेली बारीक माती तिथेच अडकते, पक्षी आणि उंदीर सावलीला तिथेच येतात. झुडपाखालची जमीन सुपीक होत जाते. दोन झुडपांमधली जमीन उघडी पडते, पावसाच्या थेंबांनी तिच्यावर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि वारा उरलेला कसही घेऊन जातो.

अशा जमिनीत गवताचे बी पडले तरी रुजत नाही, पण झुडपाला ती मानवते. म्हणजे झुडूप स्वतःच्या सोयीची माती स्वतः तयार करते. १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विल्यम श्लेसिंजर आणि सहकाऱ्यांनी ही साखळी मांडली. माती, पाणी आणि पोषक द्रव्यांची ही विषम वाटणीच वाळवंटीकरण पुढे रेटत नेते, असे त्यांचे म्हणणे होते. झुडपाखालच्या या तुकड्यांना शास्त्रज्ञ ‘सुपीकतेची बेटे’ म्हणतात. वालुकामय भागात मेस्कीटच्या भोवती वाऱ्याने आणलेली वाळू साठत जाऊन माणसाहून उंच टेकाडे तयार होतात. एकेकाळचे सपाट कुरण अशा टेकाडांनी भरून जाते.

तणनाशक झुडूप मारते. त्याने केलेली ही उलथापालथ मात्र जागच्या जागीच राहते.

ज्यांना मारायचे ती झुडपे

या माळांवरची दोन मुख्य झुडपे स्वतःच निसर्गातील नवल आहेत. पहिले क्रियोसोट. चकचकीत, राळेने माखलेल्या बारीक पानांचे हे झुडूप गुरे सहसा तोंडात घेत नाहीत. पाऊस पडला की त्याच्या राळेचा वास साऱ्या वाळवंटभर पसरतो. जुने झुडूप मधूनच मरत जाते आणि कडेने नवे फुटवे येतात, असे करत एकाच रोपाचे वर्तुळ तयार होते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात अशा एका वर्तुळाचा अभ्यास फ्रँक व्हासेक या वनस्पतिशास्त्रज्ञाने केला आणि १९८० मध्ये त्याचे वय सुमारे ११,७०० वर्षे असल्याचा अंदाज मांडला. खोड नवे, पण रोप तेच. शेवटचे हिमयुग सरत असताना उगवलेले.

दुसरे मेस्कीट. ते शेंगावर्गीय असून मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र मातीत आणते. १९६० च्या सुमारास ॲरिझोनातील टुसॉनजवळ उघड्या खाणीचे खोदकाम चालू असताना मेस्कीटचे मूळ तब्बल ५३ मीटर खोलीवर सापडले. सोळा-सतरा मजली इमारतीची उंची जमिनीखाली मोजली तर ही खोली होईल. शिवाय त्याच्या बुंध्यापाशी जमिनीच्या पृष्ठभागाखाली सुप्त डोळे असतात. वरचा भाग तोडला, जाळला किंवा वाळवला की हे डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी अनेक खोडे उभी राहतात.

साखळदंडापासून गोळीपर्यंत

सुरुवातीला माणसांनी कुदळ-फावड्याने झुडपे खणली. मग यंत्रे आली. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराचा जाड साखळदंड अडकवून तो रानावरून ओढला जाई आणि वाटेतले सगळे आडवे होई. जमिनीखाली पोलादी पाते खोल घालून मुळे कापणारे नांगरही वापरले गेले. यात झुडूप मरे, पण माती उलटीसुलटी होई आणि शिल्लक राहिलेले गवतही उपटले जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक तणनाशके आली. १९५० आणि १९६० च्या दशकांत मेस्कीटवर विमानातून २,४,५-टी फवारले गेले. याच रसायनात २,४-डी मिसळून अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलांवर ‘एजंट ऑरेंज’ वापरले. २,४,५-टी तयार होताना त्यात डायॉक्सिन हे अत्यंत घातक द्रव्य उतरते. त्यामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७९ मध्ये त्याच्या अनेक वापरांना स्थगिती दिली आणि १९८५ मध्ये त्याची नोंदणी संपुष्टात आली.

पुढची औषधे अधिक नेमकी होती. मेस्कीटसाठी पानांवर फवारायची क्लोपायरॅलिड आणि ट्रायक्लोपिर यांसारखी औषधे आली. त्यांची वेळ साधावी लागते. पालवी पूर्ण वाढून गर्द हिरवी झालेली असावी आणि फूट-दीड फूट खोलीवरची माती सुमारे २४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असावी. त्या सुमारास पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे जाऊ लागते आणि तिच्याबरोबर औषध त्या सुप्त डोळ्यांपर्यंत पोहोचते. वेळ चुकली तर फक्त वरचा शेंडा वाळतो आणि खालून नवी फूट येते. या औषधाला आणखी एक बाजू आहे. क्लोपायरॅलिड मुख्यतः शेंगावर्गीय आणि सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींवर परिणाम करते. गवत वाचते, पण गवतात मिसळून उगवणारी बरीच रानफुले त्याच दोन कुळांतली असतात.

क्रियोसोटसाठी टेबुथायुरॉनच्या गोळ्या सोयीच्या ठरल्या. हेक्टरी साधारण अर्धा ते एक किलो औषध पुरते आणि या मात्रेत बहुतेक गवते तग धरतात. गोळी वाऱ्यावर वाहून जात नाही. मात्र हे औषध मातीत फार काळ टिकते. वर्षाला हजार-दीड हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला १२ ते १५ महिने लागतात. कोरड्या मुलखात याहून बराच अधिक काळ जातो. झुडूप परत परत फुटूनही मरते ते या टिकाऊपणामुळेच, आणि धोकाही त्यातच आहे. फवारलेल्या पट्ट्यात शेजारच्या झाडाची मुळे पोहोचलेली असली तर तेही मरू शकते. वाहत्या पाण्याबरोबर औषध उतारावरून ओहोळात जाऊ नये म्हणून तीव्र उतार आणि ओहोळांचे काठ साधारणपणे वगळले जातात.

२००५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन विभागाने न्यू मेक्सिकोतील कुरणे पूर्ववत करण्याची मोठी मोहीम हाती घेतली. लाखो एकर जमिनीवर काम झाले. त्यामुळे शास्त्रज्ञांना एरवी कधी न मिळणारी गोष्ट मिळाली. वेगवेगळ्या वर्षी फवारलेले अनेक पट्टे आणि त्यांच्या शेजारी न फवारलेली तशीच जमीन, म्हणजे जणू मुद्दाम आखलेला प्रयोग.

मोकळी जागा कोण घेते?

झुडूप मेल्यावर गवत वाढते का? बऱ्याच ठिकाणी वाढते. क्रियोसोट मेल्यावर त्याने ओढून घेतलेली ओल उरते आणि चांगल्या पावसाच्या वर्षांत गवताचे आच्छादन वाढल्याचे दिसते. अट एवढीच, की फवारणीच्या वेळी तिथे थोडे तरी गवत जिवंत असले पाहिजे. जिथे ठोंबच उरले नाहीत आणि वरची माती वाहून गेली आहे, तिथे झुडूप मारल्यावर हाती येते ती बहुतेक उघडी जमीन आणि वाळलेल्या काटक्या. सुपीकतेची जुनी बेटे लगेच मोडत नाहीत. मेलेल्या झुडपाच्या बुंध्याशी साचलेला कस वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि बरेचदा गवतही आधी तिथेच उगवते.

रिकामी जागा हवे तेच गवत भरेल याचीही खात्री नसते. ॲरिझोनातील सँटा रीटा हे संशोधन-कुरण १९०३ पासूनचे. तिथे १९५० च्या दशकात मेस्कीटवर विमानातून २,४,५-टी फवारले गेले. झुडपे मेली आणि गवत वाढलेही. पण दक्षिण आफ्रिकेतून १९३० च्या दशकात आणलेल्या लेहमन लव्हग्रास या गवताने त्या संधीचा मोठा वाटा उचलला. पुढे ते दक्षिण ॲरिझोनात दूरवर पसरले. दिसायला कुरण हिरवे झाले, पण स्थानिक गवतांची विविधता परतली असे म्हणता येत नाही.

पाण्याबद्दलची एक आशाही या फवारणीमागे होती. झुडपे पाणी पितात, ती काढली तर झरे आणि नाले अधिक वाहतील, असे अनेकांना वाटे. जास्त पावसाच्या प्रदेशात काही प्रमाणात तसे घडते. पण वर्षाला सुमारे ४५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडोरा काढून प्रवाह वाढत नाही, असा निष्कर्ष जलशास्त्रज्ञ ॲल्डन हिबर्ट यांनी काढला होता. कारण कोरड्या हवेत उघड्या जमिनीतूनही ते पाणी उडूनच जाते. होर्नाडाचा पाऊस या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

आणि वेळ? होर्नाडात १९३० च्या दशकाच्या अखेरीस काही तुकडे कुंपणाने बंद केले गेले. काहींतील झुडपे हाताने काढली, काहींतून ससे वगळले. हे ससे गवताचे कोवळे कोंब आणि रोपे खात असत. त्या तुकड्यांची पाहणी पन्नास वर्षांनंतरही चालू होती, आणि ससे वगळल्याचा परिणाम तेवढ्या काळाने ठसठशीत दिसला. वाळवंटात गवताच्या परतीचे माप दशकांत घ्यावे लागते. एखाद्या अनुदानाचा किंवा प्रकल्पाचा कालावधी त्यापुढे फारच तोकडा पडतो.

उंदरांचा निवाडा

या कथेतील सर्वांत नवलाचे पात्र आहे कांगारू उंदीर. मागचे पाय लांब, पुढचे आखूड, लांब शेपटीच्या टोकाला गोंडा, आणि चालण्याऐवजी उड्या. तो पाणी पीत नाही. कोरड्या बियांचे पचन होताना तयार होणारे पाणी त्याला पुरते, आणि त्याची मूत्रपिंडे थेंबही वाया जाऊ देत नाहीत. यातील गोंडेदार शेपटीची एक मोठी जात खुल्या गवताळ माळावर राहते. ती मातीचा मोठा ढिगारा उभारते. तीन-चार मीटर व्यासाचा हा ढिगारा आतून बोगद्यांनी पोखरलेला असतो आणि त्यात बियांची कोठारे असतात. साप जवळ आला की हा उंदीर मागच्या पायांनी जमीन बडवून आवाज करतो. त्याचा ढिगारा पिढ्यान् पिढ्या वापरला जातो. बोगद्यांत सरडे, साप, कीटक आणि बिळातील पिंगळेही आसरा घेतात. उकरलेल्या मातीवर वेगळीच झाडे उगवतात.

झुडपे दाट झाली की ही जात निघून जाते, कारण तिला शत्रू लांबून दिसावा लागतो. फवारणीनंतर ती परत आली का, हे २०१० च्या दशकात तपासले गेले. आली, पण उशिराने. जुन्या फवारलेल्या पट्ट्यांत तिची संख्या अधिक होती, नव्या पट्ट्यांत कमी. हा उंदीर जन्मस्थानापासून फार दूर जात नाही आणि नवा ढिगारा उभा करायला वेळ लागतो. त्यामुळे मोकळे झालेले रान पुन्हा वसायला कित्येक वर्षे जातात. सरड्यांच्या बाबतीतही झाडोऱ्यातील बदलाइतकेच महत्त्व या ढिगाऱ्यांना होते. मेलेल्या झुडपाने फक्त जागा रिकामी केली. तिथे राहण्याजोगे घर उंदराने बांधले.

पण कांगारू उंदीर म्हणजे गवताचा मित्र, असा सरळ निष्कर्षही काढता येत नाही. ॲरिझोनातील पोर्टल गावाजवळ १९७७ पासून एक प्रयोग चालू आहे. काही कुंपणांना इतकीच लहान दारे ठेवली, की बाकीचे उंदीर ये-जा करतील पण कांगारू उंदीर आत शिरू शकणार नाही. जेम्स ब्राउन आणि एडवर्ड हेस्की यांनी १९९० मध्ये या प्रयोगाचा निकाल मांडला. तीन जातींचे कांगारू उंदीर वगळल्यावर बारा वर्षांनी त्या झुडपी जागेत उंच गवत सुमारे तिपटीने वाढले होते. मोठ्या बिया खाणारे आणि माती उकरणारे हे प्राणीच तिथे गवताला अडवत होते. एका प्राण्याचे काम जागेनुसार, जातीनुसार आणि भोवतालच्या झाडोऱ्यानुसार बदलते. एका मुलखासाठी बसवलेले समीकरण दुसऱ्या मुलखात चालत नाही.

कोणाचे घर वाढले, कोणाचे गेले

फवारणीच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद पक्ष्यांचा आहे. उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांच्या पक्ष्यांची संख्या १९७० पासून सुमारे ५३ टक्क्यांनी घटली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. यातले अनेक पक्षी कॅनडा आणि उत्तरेकडील अमेरिकी राज्यांत घरटी करतात आणि हिवाळा चिवावा वाळवंटातील कुरणांत काढतात. ही कुरणे गेली तर उत्तरेकडचे त्यांचे घर कितीही सुरक्षित असले तरी काय उपयोग? फवारलेल्या पट्ट्यांत अशा गवतावर राहणाऱ्या पक्ष्यांना फायदा झाल्याचे आढळले आहे.

त्याच वेळी झुडपात राहणारे पक्षी कमी झाले. आणि क्रियोसोटचा संसार केवळ पक्ष्यांपुरता नाही. त्याच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांच्या जाती शंभराहून अधिक आहेत, आणि त्यातील वीसहून अधिक जाती याच झुडपाच्या परागांवर पिल्ले वाढवतात. एक नाकतोडा तर जन्मभर फक्त क्रियोसोटची पाने खातो. ज्या पट्ट्यात क्रियोसोट उरले नाही, तिथे या जीवांना राहायला दुसरी जागा नाही.

ॲप्लोमाडो ससाण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. हा सुबक शिकारी पक्षी गवताळ माळाचा रहिवासी. न्यू मेक्सिकोतून तो जवळपास नाहीसा झाला. १९५२ नंतर तिथे त्याचे घरटे पुन्हा सापडायला २००१ साल उजाडावे लागले. १९८६ मध्ये अमेरिकेने त्याला धोक्यातील जात म्हणून नोंदवले, आणि २००६ पासून काही वर्षे बंदिस्त जागेत वाढवलेले ससाणे या माळांवर सोडण्यात आले. या पक्ष्याला विस्तीर्ण गवत लागते, पण घरटे तो स्वतः बांधत नाही. युक्का या उंच झाडावर किंवा विरळ मेस्कीटवर दुसऱ्या पक्ष्यांनी बांधून सोडलेली घरटी तो वापरतो. म्हणजे गवतप्रेमी पक्ष्यालाही अधूनमधून झाड हवेच असते. सगळे साफ केले तर त्याचीही सोय राहत नाही.

वेडी बाभूळ आणि आपले माळ

हा विषय मराठी वाचकाला परका नाही. मेस्कीटची एक सख्खी बहीण आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून ओळखली जाते. अमेरिका खंडातून १८७७ च्या सुमारास ती भारतात आणली गेली. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या रस्त्यांकडेला, तळ्यांच्या काठी आणि गायरानांत ती आज सर्वत्र दिसते. गुजरातेत कच्छमधील बन्नी या सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात ती मुद्दाम लावली गेली. खारवटपणा पसरू नये हा हेतू होता. म्हशी पाळणाऱ्या मालधारी समाजाची कुरणे त्यानंतर झुडपांनी व्यापली. तिच्या शेंगा खाऊन गुरांनीच तिचा प्रसार केला, अगदी न्यू मेक्सिकोसारखा. बन्नीत ही झाडे काढलेल्या जागी पावसानंतर गवत परतल्याचे दिसले आहे. मात्र पुन्हा येणारी रोपे उपटत राहावी लागतात. शिवाय याच झाडाच्या कोळशावर आणि सरपणावर अनेकांची चूल पेटते, तेव्हा ते नाहीसे करण्याचा निर्णय केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

आपल्याकडे माळरानाबद्दल एक गैरसमजही आहे. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, आणि तिथे झाडे लावणे म्हणजे पुण्य, ही समजूत खोल रुजलेली आहे. माळढोक, चंडोल, काळवीट आणि लांडगा यांना मात्र तो उघडा माळच लागतो. गवताळ प्रदेश झाडांनी भरल्यावर तो रिकामा करायला किती विष, किती पैसा आणि किती पिढ्या लागतात, याचा पुरावा होर्नाडात आणि सँटा रीटात लिहून ठेवलेला आहे. झाडे लावण्याआधी वाचायचा हा पुरावा आहे.

फवारणी करायचीच असेल तर तिच्या यशाच्या अटी आता बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत. जिथे गवताचे ठोंब अजून तग धरून आहेत आणि माती पूर्ण वाहून गेलेली नाही, तिथेच तो खर्च सार्थकी लागतो. ओहोळांचे काठ, तीव्र उतार आणि काही झुडपी तुकडे मुद्दाम सोडावे लागतात, म्हणजे झुडपावर जगणाऱ्यांना जागा उरते. फवारलेल्या रानात गुरे काही काळ सोडायची नाहीत. न्यू मेक्सिकोत साधारणपणे गवत वाढण्याचे दोन हंगाम थांबतात, आणि ब्लॅक ग्रामाला धावती खोडे काढून मूळ धरायला किमान तेवढे लागतातच. त्यापुढे किती गुरे चारायची याची मर्यादा पाळली नाही, तर झुडूप ज्या कारणाने आले ते कारण कायमच राहते आणि वीस-तीस वर्षांनी विमान परत बोलवावे लागते. औषधाचा खर्च पहिल्या वर्षीच होऊन जातो. गुरे आवरण्याचे, मोजत राहण्याचे आणि वाट पाहण्याचे काम मात्र एका पिढीहून अधिक काळ चालते, आणि गवत परतले की नाही हे त्या कामावरच ठरते.